काजव्यांच्या झाडावर सोडलेले दिवे

अन्याय झाला तो माझ्या कुसुमआत्यावर, गेल्या शनिवारी दिवेलागणीनंतर, धरणाकाठच्या तंबूंच्या मैदानात. तिची नजर हळूहळू जाते आहे. ती पुरती जाण्याआधी काजव्यांनी लखलखणारं झाड एकदा पाहायचं, एवढ्यासाठी ती आली होती. शेजारच्या तंबूतल्या पोरांना त्याच झाडापाशी कोंबडी भाजायला उजेड हवा होता, म्हणून त्यांनी गाडीचे दिवे थेट त्या झाडावर सोडले. काजवे दिसेनासे झाले.

“बाळांनो, दिवे बंद करता का जरा?” आत्याने विचारलं.

“काकू, अंधारात कोंबडी कच्ची राहील ना! या, तुम्हीपण खा.”

वर हशा.

हीच पोरं आपल्या इमारतीत गाण्याचा आवाज कमी करत असतील, कारण सकाळी जिन्यात तोंड दाखवायचं असतं. इथे उद्या कोण कुणाला भेटणार? म्हणजे आपला शेजारधर्म ही नुसती ओळखीच्या माणसांची भीतीच निघाली.

कोंबडी भाजून झाली, तरी दिवे चालूच. आत्या डोळे चोळत म्हणाली, “चल, आत जाऊ. मला आता सगळं पांढरंच दिसतंय.”

तुम्ही तंबू ठोकाल तेव्हा आधी शेजारच्या तंबूपाशी जा, तिथल्या माणसांना विचारा, “तुम्ही इथे काय बघायला आलात?” आणि उत्तर मिळेपर्यंत गाडीचे दिवे बंद ठेवा.