झरा आटला त्या पावसात

माझं माहेर पूर्णगडचं. तिथे संकट आलंच तर समोरून, समुद्रावरून येतं. लग्न होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या या वाडीत आले आणि घराच्या पाठीशी उभा चढलेला डोंगर पाहून पहिले काही दिवस मला गुदमरल्यासारखं झालं. नंतर त्याच्याकडे बघायचंच विसरून गेले.

गावच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं, तालुक्याला फोनवरून कळवायचं, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पावसाळ्यात रविवारीसुद्धा जाते. माझ्या वह्यांवर माझा विश्वास होता. जरा जास्तच होता, असं आता वाटतं.

वाडीत वरच्या टोकाला मावशींचं घर होतं. माझ्या नात्यातल्या नव्हेत, पण सगळी वाडी त्यांना मावशीच म्हणते. मुलगे मुंबईला, इथे त्या आणि त्यांची एक गाय. घरामागे जांभ्याच्या कड्यातून पावसाळ्यात झरा फुटायचा. तो आर्द्रा नक्षत्राच्या शेवटी फुटतो, पुनर्वसूत, म्हणजे इथे ज्याला तरणा पाऊस म्हणतात त्यात, जोर धरतो आणि गणपतीपर्यंत नितळ होतो, हे त्या दरवर्षी सांगायच्या आणि मी दरवर्षी हसून ऐकायचे.

त्या वर्षी जून जवळजवळ कोरडा गेला. जुलैत मात्र तीन दिवस असा कोसळला की छपरावरच्या आवाजात वर्गात शिकवता येईना. चौथ्या दिवशी सकाळी मी नरसाळं काढून बघितलं तर आतली बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात सांडलं होतं. ते मोजत असतानाच मावशी प्लास्टिकची खोळ पांघरून समोर येऊन उभ्या राहिल्या.

"झरा बंद झाला गो," त्या म्हणाल्या.

"बंद? या पावसात?"

"दोन दिवस तांबडं पाणी येत होतं. आज बघतंय तर नुसती ओल."

"दगड आला असेल आडवा, मावशी."

"चाळीस वर्षं हंडा धरलाय मी तिथे. दगड आला तर पाणी बाजूने वाट काढतं. हे आलंच नाही."

मी बघते म्हटलं आणि वर्गावर गेले. नववीला काय शिकवलं ते आठवत नाही. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत वही उघडली. त्या तारखेपर्यंतची एकूण बेरीज मागच्या वर्षीपेक्षा कमी होती आणि म्हणूनच मी इतके दिवस निर्धास्त होते. मग बेरजेवर हात ठेवला आणि फक्त रोजचे आकडे वाचत गेले. जुन्या वह्याही काढल्या. असे लागोपाठचे तीन दिवस मला एकाही वहीत सापडले नाहीत.

एवढं पाणी डोंगरात गेलं होतं आणि बाहेर येत नव्हतं. मग ते होतं कुठे? डोंगराच्या पोटातच साठत असणार.

तालुक्याला फोन लावला. रोज माझा आकडा उतरवून घेणारे कारकून होते. "बाई, आपल्याकडे इशारा पिवळाच आहे," ते म्हणाले. "एकूण पाऊसही कमीच दिसतोय."

"पण झरा आटलाय. भर पावसात."

"झऱ्याचं मी कुठे लिहू? तसा रकानाच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी बहीण डोंगराखालीच दिलीय. तुम्हाला भीती वाटत असेल तर माणसं हलवा. साहेबांना मी सांगतो."

मुख्याध्यापकांनी दोन वर्ग रिकामे करून दिले. आता वाडीतल्या सातही घरांना समजवायचं होतं. सगळ्यात अवघड गेले ते माझे सासरे. ओटीवर बसून त्यांनी मला सरळ सांगितलं, "या घराचं जोतं माझ्या आजोबांनी घातलं. डोंगर कधी हललेला नाही. तुमच्या बाटलीतल्या पाण्यावरून मी घर सोडू?"

मी वही पुढे केली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही. मावशी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, वही राहू दे. पाच मिनिटं वर चला. कड्याला कान लावा."

कुरकुरत का होईना, ते गेले. परत आले ते सरळ आत गेले. टोपली घेतली, देव्हाऱ्यातले देव एकेक करून पुसून तिच्यात ठेवले आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून शाळेच्या वाटेला लागले. ते निघाले म्हटल्यावर बाकीची घरंही निघाली. काय ऐकलं, असं मी दोन दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "हंडा भरत आला की त्याचा आवाज बदलतो ना, तसं."

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेत बायका तीन दगडांवर पेज शिजवत होत्या, ओले कपडे बाकांवर वाळत होते आणि येताजाता लोक माझ्याकडे बघत होते. कोणी टाकून बोललं नाही, पण "बाई, अजून किती दिवस?" हा प्रश्न दहा वेळा आला. खिडकीतून डोंगर दिसायचा. हिरवागार, जागच्या जागी. एका क्षणी मनात आलं, पडू दे एकदाचा. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. मोजपात्रात घोटभर पाणीही नव्हतं. दोन घरं सामान उचलून परत गेली. त्यांना अडवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. वहीत तर पाऊस थांबलेला दिसत होता. दुपारी आमचे हेसुद्धा म्हणाले, "गुरांना वैरण घालून येतो. अर्ध्या तासात परततो."

मावशी त्यांच्या मागोमाग निघाल्या. "मी झरा बघून येतंय," म्हणाल्या. मला राहवेना, मीही निघाले. पाखाडीच्या पायथ्याशी पोचलो असू, तोच वरून पायऱ्यांवर पाणी येताना दिसलं. तांबडं, दाट, कालवणासारखं. मावशी जागीच थबकल्या आणि मग अशा ओरडल्या की तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "पळा! सोडा सगळं, पळा!"

वर गोठ्यापाशी हे दिसले. दावं सोडत होते. दोन गायी सुटल्या, त्या यांच्या आधी खाली धावल्या. मग मी पाहिलं की मावशींच्या घरामागचा फणस उभाच्या उभा, न वाकता, खाली येतोय. आवाज त्यानंतर आला.

हे माझ्यापर्यंत पोचले तेव्हा अंगभर माती होती आणि हातात तुटलेलं दावं तसंच होतं. परत गेलेल्या घरांतली माणसंही ती ओरड ऐकून बाहेर पडली होती. शेजारच्या काकांचा पाय मोडला. मावशींचं घर आणि आमचा गोठा राहिला नाही. माणूस मात्र एकही गेलं नाही. मावशी चिखलाकडे बघत इतकंच म्हणाल्या, "गाय शाळेत बांधली ते बरं केलं."

नंतर साहेब आले, डोंगरांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्या बाईंनी माझ्या वह्यांचे फोटो घेतले आणि मग मावशींच्या शेजारी बसून दोन तास त्यांचं ऐकलं. फोनवरचे कारकूनही एकदा आले. त्यांनी नव्या तक्त्यात स्वतःच्या हाताने एक रकाना आखून आणला होता: झरे, विहिरी, भेगा. तो आता मी मावशींना विचारून भरते.

पण हे काही सुखाने संपलेलं नाही. मावशी आता आमच्याच मागच्या पडवीत राहतात. डोंगराला नव्या तीन जागी पाणी फुटतं, कधी आर्द्रेच्या आधीच, कधी पावसाची उघडीप असताना. नक्षत्र धरून काही सांगता येत नाही. "हा डोंगर माझ्या ओळखीचा राहिला नाही," असं त्या म्हणतात तेव्हा मला त्या दरडीपेक्षाही जास्त भीती वाटते. माझ्या वह्यांतही जुन्या पानांवरून नव्या पानांचा अंदाज बांधता येत नाही. यंदा तर मे महिन्यातच मला मापक पुसून तयार ठेवावा लागला.

या जुलैत पुन्हा दोन दिवस तसाच पाऊस लागला. आम्ही दोघी वर जाऊन आलो. तिन्ही ठिकाणी पाणी होतं, पण किंचित गढूळ.

"काय वाटतं, मावशी?"

त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, बराच वेळ बघितलं, सोडून दिलं. "तुझी वही काय म्हणते?"

"हलवावं असंही नाही, राहावं असंही नाही."

"माझंही तसंच."

तरीही दुपारी आम्ही घरोघर जाऊन सगळ्यांना शाळेत हलवलं. तीन दिवस राहिलो. डोंगर पडला नाही. घरी परतताना एक तरुण सून हसत म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी नीट मोजा हं." मीही हसले. पुढच्या वेळी ती येईल की नाही, याचा विचार करत पाखाडी चढून घरी आले.