द्वारकाआत्याचं पान

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडेल. मी संगणकापुढे नारळ ठेवून, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलेला माणूस आहे. आणि पेशाने कोण? विज्ञानाचा शिक्षक!

गोष्ट दोन हजार पाच सालच्या आसपासची. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचा होता. रत्नागिरीतल्या सगळ्या भाऊबंदांत संगणक एकट्या माझ्याकडे, म्हणून टायपिंग माझ्या गळ्यात. पावसचे बापूकाका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, त्यांनी जन्मभर जमवलेल्या नोंदींची वही आणि फोटोंचं एक पाकीट आणून दिलं. हेदवीला संमेलन, तिथेच प्रकाशन. हातात तीन आठवडे.

नोंदी टाइप झाल्या आणि मी फोटो लावायला बसलो. पाकिटात सगळ्यात वर सगळ्यात जुना फोटो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. दोन वेण्या, ओठांवर हसू नाही, आणि डोळे असे रोखलेले की आपणच नजर खाली घ्यावी. नात्याने माझी आत्या, पण घरात नाव कधी ऐकलं नव्हतं. वहीत तिच्याबद्दल एकच ओळ होती : ‘द्वारका. सोळाव्या वर्षी गेली.’

मी आपली भाषा जरा सुधारली. ‘सोळाव्या वर्षी अकाली निधन.’

भर दुपारचे बारा. मे महिन्यातली आमच्याकडची दुपार कशी असते? रस्त्यावर चिटपाखरू नाही. माडाची झावळी हलत नाही. बायको शेजारी गेलेली. अख्ख्या घरात पंख्याचा तेवढा आवाज.

स्कॅन केलेला फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उमटू लागला. केस. कपाळ. भुवया. डोळे.

आणि फट्! सगळं गायब. पान गेलं, प्रोग्राम गेला. पडद्यावर मधोमध एक चौकट, इंग्रजीतली. अर्थ असा, की तुमच्या संगणकाच्या रक्षणासाठी हा प्रोग्राम बंद करण्यात आला आहे.

रक्षण? कुणापासून?

पुन्हा सुरू केलं. केस, कपाळ, भुवया, डोळे… फट्! चार वेळा केलं हो! चारही वेळा नेमकं डोळ्यांपाशी. ती माझ्याकडे बघते न बघते तोच कुणीतरी दार लावून घ्यावं तसं. अंगावरचा घाम गार झाला. आणि खोटं कशाला सांगू, मी खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून बसलो.

तेवढ्यात सुनंदा आली. म्हणजे बायको.

“अहो, चेहरा असा काय झालाय?”

मी सगळं सांगितलं. तिने फोटो हातात घेतला, उलटा करून ठेवला.

“काय लिहिलंयत तिच्याबद्दल?”

“अकाली निधन.”

“नसेल आवडलं तिला.”

थट्टेत म्हणाली. पण त्यानंतर त्या खोलीत केरसुणी घेऊनसुद्धा गेली नाही!

मी ती ओळ खोडून पाहिली. फट्! दुसऱ्या दिवशी, घरी कुणी नाही असं बघून, संगणकापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. “द्वारकाआत्ये, काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे, आणि तुझं पान तेवढं पुरं होऊ दे.”

“व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला द्यावा तसा दारातून होकार आला.

मी खुर्चीतून पडायचाच बाकी. सुनंदा! घरी नाही कुठली, दारात उभी राहून बघत होती.

नारळानेही काही झालं नाही. डोळे आले, फट्.

सुनंदाने ते चिपळूणच्या वहिनींना फोनवर सांगितलं, आणि मग काय विचारता! वहिनी म्हणाल्या, आमची विहीर फेब्रुवारीतच का आटते ते आज कळलं. एका चुलतभावाच्या मुलाचं लग्न तीनदा मोडलेलं, तेही द्वारकाआत्याच्या माथी. आठवड्याभरात भाऊबंदांनी ठरवून टाकलं, हेदवीला आधी तिची शांत करायची, मग प्रकाशन. आणि तिचं पान कोरं सोडायचं.

कोरं? हे मात्र मला लागलं. सोळा वर्षांची पोर, तिच्या नावाला एक ओळसुद्धा नाही? निदान कशाने गेली ते तरी कळावं, म्हणून मी पावस गाठलं.

बापूकाका बागेत पेट्यांत आंबे भरत होते. ऐकायला कमी, घरी फोन नाही, त्यामुळे यातलं त्यांच्या कानावर काहीच नव्हतं.

“बापूकाका,” मी ओरडलो, “द्वारकाआत्या कशाने गेली?”

“यष्टीनं.”

“अरे देवा! एसटीखाली?”

“खाली कशाला मेल्या? आत बसून गेली, मुंबईस! घरचे बिजवराशी लग्न ठरवत होते नि तिला व्हायचं होतं नर्स. ट्रंक मीच टपावर चढवून दिली. मग आजोबा म्हणाले, ती आम्हाला मेली. नाव काढायची बंदी.”

“आणि… आता?”

“आता लांज्यास असते. मेट्रन होऊन रिटायर झाली. परवाच पेटी धाडली तिला.”

मी तिथेच कलमाखाली बसकण मारली. आत्या जिवंत! पण मग… मग माझ्या संगणकात कोण होतं?

खरं सांगतो, परतीच्या वाटेवर मला जास्त भीती वाटली. भूत निदान घरातलं होतं, आता तेही नाही!

घरी न जाता सरळ इम्तियाजकडे गेलो. मस्कतहून परत येऊन त्याने संगणक दुरुस्तीचं दुकान काढलेलं. त्याने येऊन पाच मिनिटं पाहिलं.

“सर, गेल्या महिन्यात मी नवी सिस्टीम टाकून दिली ना, तिच्यात पहारेकरी असतो. तुमचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम जुना. फोटो लावताना तो मेमरीत नको तिथे पाय टाकतो. पहारेकऱ्याला वाटतं व्हायरस आला, तो अख्खा प्रोग्रामच बाहेर काढतो.”

“पण हिच्याच फोटोला का?”

“दुसरा कुठला लावून बघितलात?”

मी पाकीट चाचपलं. बाकीचे सगळे फोटो अजून आतच.

“एकपण नाय?” इम्तियाज हळूच म्हणाला. “सर, तुम्ही सायन्सच शिकवता ना?”

त्याने पहारेकऱ्याला सांगितलं, या एका प्रोग्रामला अडवू नको. फोटो उमटला. डोळे, नाक, हनुवटी, अख्खी द्वारकाआत्या.

दुसऱ्या दिवशी छपाईचे कागद घेऊन लांज्याला गेलो. दार उघडलं, तेच डोळे! सत्तरीची बाई, पाठ ताठ. मी नारळासकट सगळं कबूल केलं. ती शांतपणे ऐकत होती.

“मी घर सोडलं तेव्हा बापू सोडला तर स्टँडपर्यंत कुणी आलं नाही,” ती म्हणाली. “आणि आता माझ्या शांतीला अख्खं घराणं हेदवीला?”

मी पिशवीतून छपाईचे कागद काढले.

“बघू ते कागद.”

चष्मा लावून तिने ‘अकाली निधन’ खोडलं आणि आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या. कुठे शिकली, किती वर्षं वॉर्ड सांभाळले, सगळं. मग पानं उलटत उलटत माझ्या नोंदीपाशी थांबली. ती नोंद मी स्वतःच लिहिली होती, फार मन लावून. आत्याने मोठ्याने वाचली.

“‘विज्ञाननिष्ठ, चिकित्सक वृत्तीचे, अंधश्रद्धेचे कट्टर विरोधक.’”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“अरेरे! हे कधी वारले?”