आमचा आकडा

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पनवेलच्या नव्या कोरोना रुग्णांची यादी पडली की मी गॅस बारीक करून मोबाईल हातात घ्यायची आणि थेट नवीन पनवेलच्या ओळीवर जायची. शाळा सुरू झाल्या होत्या, पण दुसरीतली माझी लेक अजून घरातच होती. सासूबाईंची अट होती: आपल्याकडे शून्य झालं की पोर शाळेत जाईल, त्याआधी नाही.

माझं डोकं फिरायचं, पण तोंड उघडवत नव्हतं. दुसऱ्या लाटेत सासरे गेले, तेव्हा उरणजवळच्या गावातलं घर बंद करून आम्ही सासूबाईंना इकडे फ्लॅटवर आणलं होतं. त्यांच्याशी या आजारावरून वाद घालणारी मी कोण? इकडे लेकीने शाळा पाहिली होती ती फक्त मोबाईलवर. आपल्या बाईंना पाय आहेत की नाहीत, हेही तिला माहीत नव्हतं.

"किती झालं गो आज?" सासूबाई रोज विचारायच्या.

"दोन."

"मंग नाय."

विषय संपला. तो आकडा म्हणजे कुत्र्याचं शेपूट झालं होतं, खाली आला की पुन्हा वर वळायचा. एका रविवारी मी वैतागून नवऱ्यावरच खेकसले, "तुझं हे नवीन पनवेल काही सुधारायचं नाही!"

तो शांतपणे म्हणाला, "आपण नवीन पनवेलमध्ये राहतो कुठे? विचुंब्यात राहतो. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरतो ना?"

मी कपाळावर हात मारला. बिल्डरच्या बोर्डावर, पार्सलवर, माहेरी सांगताना, सगळीकडे आम्ही नवीन पनवेलचेच. इथे फ्लॅट घेतलेला प्रत्येकजण असंच सांगतो. नवीन पनवेल महापालिकेत, आणि महापालिकेच्या यादीत आम्ही नव्हतोच. ग्रामीण भागाची यादी तिच्या खाली असायची, आणि तिथवर मी कधी गेलेच नव्हते. विचुंबे, शून्य. आदल्या दिवसांच्या याद्या उघडल्या, तिथेही शून्य. हसावं की रडावं कळेना. मी जवळजवळ नाचतच आतल्या खोलीत गेले.

"आई, शून्य आहे! केव्हाचं शून्य आहे!"

त्या लेकीची वेणी घालत होत्या. हात थांबले.

"मंग उद्या जाईल ती?"

"हो, उद्याच."

"आनि मी दिवसभर बोलू कोनाशी? तुमी दोघं कामाला जाता. इथं मना वलखतो कोन?"

खरं सांगते, मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आजाराच्या भीतीवर माझ्याकडे औषध नव्हतं. या एकटेपणावर निदान काही करता येण्यासारखं होतं. मी म्हटलं, "मग शाळेत सोडायचं आणि आणायचं काम तुमचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून सासूबाईंना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शाळा केव्हाच सुटली असणार होती. शेवटी एकदाचा उचलला.

"काय गो सारखी फोन करतेस? पोर माज्याजवल हाय, खेलते. इथं गेटवर एक बाय भेटली, आमच्या उरणचीच, तीपन नातीला न्यायला आली. जरा बोलू दे की आमाला!"

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.