साऱ्या जीपला सांगितलेली गोष्ट

शमुवेलदादा गेल्याचं मला वहिनीनं फोनवर सांगितलं. 'तुझे दादा गेले गं,' म्हणाली आणि लगेच विचारलं, 'येशील ना?' सख्ख्या बहिणीला हे विचारावं लागलं, यातच आमची मागची बारा वर्षं आली. कळमनुरीहून माहेरी, गोरेगावला जाताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग तरी असायला हवा होता... होती ती नुसती किळस.

दादा सेनगावला कापडाच्या दुकानात कामाला होता. गोरेगावहून रोज जीपनं जायचा आणि शेजारी बसेल त्याला ख्रिस्ताची गोष्ट सांगायचा. शेतकरी, तांड्यावरच्या बाया, परीक्षेला निघालेल्या पोरी, कुणी सुटलं नाही. 'सुवार्ता चर्चमध्ये बसून सांगायची नसते, जिथं असू तिथं सांगायची,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी मिलिंदशी लग्न केलं तेव्हा मात्र तो एवढंच बोलला, 'माझ्याच घरातलं मेंढरू गेलं. मी आता जगाला काय तोंडानं सांगू?' मिलिंद बौद्ध. मी म्हणाले, 'मी कुठं गेले? दर रविवारी प्रार्थनेला असते.' तो उठून गेला. जगाला सांगायला तोंड त्याला दुसऱ्याच दिवशी सापडलं, माझ्याशी बोलायला काही सापडलं नाही. मिलिंद म्हणायचा, 'बोलाव त्यांना. दोन तास ऐकतो, माझं काय जातं?' आपणहून ऐकायला तयार असलेला एवढा एकच माणूस होता, आणि त्याच्या दारात दादा कधी फिरकला नाही.

शेवटची भेट नरसीला झाली. मी रस्त्याकडेला गाडीची वाट पाहत बायांच्या रांगेत उभी होते. दादा एकेकीच्या हातात पत्रक ठेवत येत होता. 'देव तुमच्यावर प्रीती करतो,' प्रत्येकीला हसून सांगत होता. माझ्यापाशी आल्यावर त्याचा हात थबकला आणि पत्रक माझ्यामागच्या बाईला गेलं. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. देवाची प्रीती वाटणारा माणूस मोजून एक घर गाळून पुढे गेला होता.

माती झाल्यावर पाद्रीसाहेब बोलले. 'शमुवेलभाऊंनी दारोदार सुवार्ता पोचवली.' मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मी रडते आहे.

मग तांड्यावरची एक म्हातारी जवळ येऊन बसली. 'तुमीच का कळमनुरीच्या ताई?'

'व्हय.'

'दादा रोज सांगायचे तुमचं. म्या बहिणीवर लई अन्याव केला, म्हणायचे. डोळे पुसायचे. मंग म्हणायचे, देवानं मला माफ केलं, तुमालाबी करंल.'

'कवापासून सांगत होते?'

'लई सालं झाली, बाई. आमाला पाठ झालं.'

आख्ख्या जीपला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. माझा अपमान त्यानं साक्ष म्हणून वापरला, त्यावर अनोळखी बायांना रडवलं. आणि देवानं माफ केलं म्हणे! ज्याचं घेणं नाही त्याच्याकडून पावती घ्यावी, तसं. इतका स्वस्त पश्चात्ताप मी पाहिला नाही. माझ्यापर्यंत कळमनुरीला यायला फक्त गाड्या बदलाव्या लागल्या असत्या.

लहानपणी तो बोलताना अडखळायचा. पोरं हसायची म्हणून घरामागच्या चिंचेखाली मला समोर बसवून वचनं म्हणायचा. शब्द अडला की मी त्याचा हात दाबायची, मग तो सुटायचा. सगळी जीप ज्या जिभेचं कौतुक करायची, ती अशी सुटली होती. माझ्यासमोर पुन्हा शब्द अडेल, याची भीती वाटली असेल का त्याला? अडू द्यायचा होता... मी होते की.

तिसऱ्या दिवशी परत निघाले. जीपमध्ये तीच म्हातारी होती. 'दादा इथं बसायचे,' म्हणत तिनं मला खिडकीकडेची जागा दिली. गाव मागं पडलं, पूल ओलांडला आणि ड्रायव्हरनं हात पुढे करून गाणं बंद केलं. रोज याच ठिकाणी दादा बोलायला सुरुवात करायचा. बंद केल्यावर त्याच्या लक्षात आलं. हात बटणावरच राहिला. बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

'बोला की ताई,' म्हातारी हळूच म्हणाली.

मी बाहेर तुरीच्या शेतांकडे पाहत होते. खाकरून घसा साफ केला.

'गाणं लावा,' मी म्हणाले.