वन्संचं सोलाणं

वन्संशी माझं शेवटचं बोलणं झालं ते भाजीवर. हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन गेले होते. झाकण उघडायच्या आतच त्यांनी विचारलं, काय केलंस आज? म्हटलं, दुधीची भाजी. "सोलला कोणी?" मी आमच्या कामवालीचं, सविताचं नाव सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि भिंतीकडे कुशीवर वळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून ह्यांचा फोन आला... आता महिना उलटून गेला, पण ते 'बरं' काही माझ्या कानांतून जात नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. पळस्प्याच्या पुढे एका खेड्यात शाळामास्तरीण होत्या, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे नवीन पनवेलला राहायला आल्या. आल्या त्याच दिवशी मला बजावलं, "वंदना, मी बसून खाणार नाही हं. भाजी माझ्याकडे." तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, ताटली मांडीत घेऊन बसायच्या. सोलाणं त्यांचं स्वतःचं, ट्रंकेतून आलेलं, साधं पत्र्याचं, मुठीला सुतळी गुंडाळलेली. बटाट्याची साल इतकी पातळ काढायच्या की तिच्याखालचा मथळा वाचता यावा. हात चालू असला की तोंडही चालू. शाळेतल्या गमती, माझ्या माहेरची चौकशी, वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं... माझा अर्धा स्वयंपाक त्या गप्पांवर व्हायचा.

वन्सं डावखुऱ्या. लहानपणी पट्ट्या खाऊन लिहिणं-जेवणं उजव्या हातावर आलं होतं, पण सुरी आणि सोलाणं डाव्यातच राहिलं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, तेच तर खुपतं. पहिल्याच वर्षी गौरी जेवायच्या दिवशी त्या पंगतीत विसरून डाव्या हाताने कोशिंबीर वाढायला लागल्या आणि मी, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सगळ्यांदेखत म्हणाले, "वन्सं, उजव्या हाताने वाढा ना, लोक बघताहेत." "बरं," म्हणाल्या. त्यानंतर आपल्या डाव्या हाताविषयी त्या या घरात चकार शब्द बोलल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. ट्रॉल्या आल्या, चकचकीत ओटा आला, आणि माझ्या अंगात आलं. जुनं म्हणून काही ठेवायचं नाही. वन्संचं सोलाणं मी गाजरावर फिरवून बघितलं तर साल सुटेना. धारच नाही मेल्याला, असं म्हणून सरळ भंगारात दिलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा वर थाटात सांगितलं, तुमच्यासाठी फर्स्टक्लास आणते. आणलंही हो! बाजारातलं लाल मुठीचं, मॉलमधलं रबरी पकडीचं, मग आणखी एक, मग लेकीने ऑनलाइन मागवलेलं. दर वेळी त्यांच्यापुढे बटाटा ठेवायचे, घ्या, निवडा तुमच्या आवडीचं. त्या दोन-चारदा फिरवून बघायच्या, छान आहे गं म्हणायच्या आणि खाली ठेवायच्या. बटाटा मात्र उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा. एकदा तर उजव्या हाताने सोलायला गेल्या आणि बोट कापून घेतलं. मला वाटलं, हात थकले, वय झालं. मी ताटलीच काढून घेतली. म्हटलं, पुरे झालं आता, आराम करा, सविता करेल. केवढ्या मायेने म्हणाले होते मी... त्या पुढेही गॅलरीत बसायच्या, पण हात नुसते मांडीत. गप्पा आटल्या. जेवताना एक पोळी कमी घ्यायला लागल्या.

गेल्या आठवड्यात कुकरच्या वाफेने माझा उजवा अंगठा भाजला. सविताची सुट्टी होती, म्हणून डाव्या हाताने दुधी सोलायला घेतला. पातं नुसतंच सालीवरून घसरायला लागलं. दोनदा, चारदा, तेच. मग चष्मा लावून बघितलं तर धार एकाच बाजूला, उजव्या हाताला चालेल अशी. खणातली बाकीची तीनही काढली. सगळी तशीच. हे कळंबोलीहून कामावरून आल्या आल्या मी विचारलं. बूट काढता काढता सहज म्हणाले, "ताईचं जुनं ना? ते तिने धारवाल्याकडून उलट्या बाजूने घासून घेतलं होतं. तुला माहीत नव्हतं?" मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. वन्सं, एका शब्दाने बोलायचं होतंत... पण कुठल्या तोंडाने म्हणू? तो शब्द मीच पंगतीत बंद केला होता.

परवा पनवेलच्या बाजारातून तसलंच पत्र्याचं सोलाणं आणलं. धारवाल्याला उलट्या बाजूने घासायला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, घरात कोण डावखुरं आहे? मी पैसे त्याच्या हातावर ठेवले. सुतळी घरी येऊन मीच गुंडाळली, त्यांच्याइतकी घट्ट काही जमली नाही. पहिल्याच खणात ठेवलंय. काल सविताने नेमकं तेच उचललं, काकडीवर दोनदा फिरवलं आणि मला म्हणाली, "ताई, ह्याला धारच नाय. टाकू काय?"

"आहे," मी म्हटलं. "धार आहे त्याला. ठेव जागेवर."