शेठचा व्हर्निअर

खुर्चीत बसायच्या आधी शेठ शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढायचे. व्हर्निअर म्हणजे जाडी-रुंदी मोजायची स्टीलची पट्टी, दोन जबडे असलेली. आमच्या पिंपरी-चिंचवडकडे ज्या घरातलं कोणी कारखान्यात आहे, त्या घरात ती कुठल्यातरी खणात सापडतेच. शेठ ते जबडे मिटवायचे, उजेडाकडे धरायचे, एक डोळा बारीक करून शून्यासमोर शून्य आलंय का बघायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता बोला ताई. अंदाज नको, माप सांगा."

मी गाड्यांच्या शोरूममध्ये कर्जाच्या टेबलावर बसते. आमच्याकडे सगळा अंदाजाचाच कारभार. गिऱ्हाईक विचारतं, हप्ता किती बसेल? आम्ही जरा कमीच सांगतो. त्याचा गाडीत जीव अडकला, बायकोने रंग पसंत केला, की खरा आकडा हळूच पुढे सरकवतो. तुम्ही कधी नवी गाडी घेतली असेल तर अशी एखादी बाई तुम्हालाही भेटली असेल. गोड बोलणारी, आधी पाणी विचारणारी. तीच मी.

पहिल्याच दिवशी शेठनी माझ्या टेबलाच्या काचेला व्हर्निअर लावला. म्हणाले, "पाच मिलिमीटरची आहे. बिल सहाचं असणार, बघा." मॅनेजरने हसत हसत बिल काढलं आणि त्याचं हसू मावळलं. सहाचंच होतं. त्या दिवसापासून शेठ आत आले की मॅनेजर मागच्या दाराने चहाला जायचा.

शेठ हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं. चाकणला त्यांचा गाळा होता. पार्ट बरोबर झालाय की नाही हे तपासायची गेजं बनवायचे, हाताखाली बारा माणसं. मग ज्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर सगळा डोलारा होता त्याने काम दुसरीकडे दिलं, मागचे पैसेही लटकवले. बँकेने मशिनं लिलावात काढली. शेठ कोर्टात गेले आणि नादार ठरले. आकुर्डीचा फ्लॅट गेला, नवरा-बायको काळेवाडीत दोन खोल्यांत आले. पण गाळा बंद करायच्या आधी त्यांनी बाराच्या बारा जणांचा पगार शेवटच्या दिवसापर्यंत चुकता केला होता. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते नंतर दुसऱ्याकडून कळलं.

"नादार म्हणजे काय, माहीत आहे का ताई?" एकदा म्हणाले. "हा माणूस मापात बसत नाही, असं कोर्टाने दिलेलं सर्टिफिकेट."

त्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यांना गाडीसाठी कर्ज हवं होतं. मिरवायला नव्हे. चाकणच्या एका कंपनीत माणसं ने-आण करायचं काम जुन्या ओळखीने मिळत होतं. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे आणि दसऱ्याला दारात उभी पाहिजे. "हप्ता मला झेपेल असा बसवा," ते म्हणाले. "हे काम गेलं तर साठीत मला कोण उभं करणार?"

मी तीन बँकांत फाईल टाकली. तिन्ही ठिकाणी कॉम्प्युटरवर नाव येताच माणसं खुर्चीत मागे सरकली. एकाने तर मलाच झापलं, "मॅडम, असली फाईल आणता कशाला?" राहता राहिली एक खाजगी फायनान्स कंपनी, जी कोणालाही देते आणि व्याजात वसूल करते. मी शेठना म्हटलं, दोन दिवस द्या, बघते.

त्या दोन दिवसांतच सुदाम आला.

चाकणजवळच्या खेड्यातला, चाळिशीचा, कंपनीच्या युनिफॉर्मवर, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थेट. शेठच्या गाळ्यावर अठरा वर्षं काम केलेला. टोपी काढून हातात धरली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागला.

"मॅडम, शेठ तुमच्याकडं येत्यात असं कळलं. आमच्या कामगारांची पतसंस्था हाय काळेवाडीत. व्याज रास्त हाय. दोन जामीनदार लागत्यात. मी हाय, आन् आमच्यातला आजून एक हाय. दोघंबी आता पर्मनंट हाय, पगारपत्रकं आणल्यात. आमच्या संस्थेचा चेअरमन नादारीबद्दल काय म्हणत न्हाई, जामीन पक्का पायजे एवढंच."

"मग शेठनाच सांगा की."

"न्हाई ओ! आमी तोंडावर बोललो तर ते सही घेणार न्हाईत. तुमी सांगा. संस्थेचा नियमच हाय म्हणा, जुन्या कामगारांचीच सही लागती म्हणा. तुमच्या तोंडून ऐकतील."

बघा, कसली युक्ती होती! मालकाचा मान राहावा म्हणून कामगाराने रचलेली. त्यानेच मला पगाराचं सांगितलं. "पगार दिला आन् मग घर इकलं त्यांनी," म्हणाला. मी त्याला शब्द दिला, सांगते म्हणून. पगारपत्रकं ठेवून घेतली.

आता माझं सांगते. महिना संपायला चार दिवस राहिले होते आणि माझ्या टार्गेटला एक फाईल कमी पडत होती. पतसंस्थेची फाईल आमच्या खात्यात धरत नाहीत, तिला दहा-बारा दिवसही लागले असते. दसरा तरीही गाठला असता, टार्गेट तेवढं हुकलं असतं. फायनान्स कंपनीची फाईल दोन दिवसांत होणार होती आणि त्या महिन्यात टार्गेट पूर्ण करणाऱ्याला काय मिळणार होतं, ठाऊक आहे? एअर फ्रायर. बिनतेलाचे वडे तळायचं यंत्र. मुलाच्या फीसाठी केलं, घरच्या अडचणीपायी केलं, असं काहीतरी मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

सुदामचा फोन आला. मी म्हटलं, "विचारलं मी. शेठ नको म्हणाले."

तो म्हणाला, "बरं." फोन ठेवून दिला.

आणि शेठना मी सांगितलं, "फक्त एकच कंपनी तयार आहे. अकरा टक्के." पुढचा शब्द, फ्लॅट, गिळला. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. कागदावर तो शब्द होता, बारीक अक्षरात. शेठनी व्हर्निअर खिशात ठेवला, चष्मा शोधला, सापडला नाही. म्हणाले, "तुम्ही वाचलंय ना ताई? मग झालं." जन्मभर दुसऱ्याच्या मापावर विश्वास न ठेवलेल्या माणसाने माझ्या मापावर सही केली.

दसऱ्याला गाडी दारात आली. कागद द्यायला मी काळेवाडीत गेले होते. गाडीला झेंडूचं तोरण, बॉनेटवर पिवळा कपडा, त्याच्यावर व्हर्निअर, हळद-कुंकू लावलेला. गाळ्यावर दर दसऱ्याला मशिनांची पूजा व्हायची, आता मशिनं नव्हती म्हणून एकटा व्हर्निअर. शेजारी ताटात मिठाईचे बारा पुडे रचलेले होते.

"बारा कशाला?" मी विचारलं.

"अहो, पोरं येतील ना. गाळा असो नसो, दसऱ्याला सोनं द्यायला येणार. गेल्या वर्षी इथेसुद्धा आली होती सगळी. या खोलीत मावेनात."

पूजा अडून राहिली. दहा वाजले, अकरा वाजले. वहिनी दोनदा बाहेर डोकावल्या. शेठ म्हणाले, "शिफ्ट असेल." मग म्हणाले, "आजकाल कंपन्या दसऱ्यालाही ओव्हरटाइम लावतात, राव." बाराच्या सुमाराला त्यांनी स्वतःच नारळ फोडला आणि एक पुडा माझ्या हातात दिला. "तुम्हीच आमच्या आता."

ती पोरं का आली नाहीत हे त्या दारात फक्त मला माहीत होतं. त्या क्षणी नुसतं तोंड उघडलं असतं तरी झालं असतं. काळेवाडी ते चाकण, एक फोन. मी पुडा पर्समध्ये टाकला आणि रिक्षा पकडली.

महिन्याभराने शेठ शोरूममध्ये आले. जबडे मिटवले, झीरो पाहिला. "ताई, तुमच्या मापात एरर आहे. अकरा सांगितलं, पण हिशोबाने एकोणिसाच्या वर निघतंय."

आता खरडपट्टी निघणार, निघू दे एकदाची, असं वाटलं.

तर म्हणतात कसे, "असू दे. नादाराला दारात कोण उभं करतं? तुम्ही केलंत. दुसरा रस्ताच नव्हता म्हटल्यावर तुमचा तरी काय दोष? दोन शिफ्ट मारीन."

मारल्या त्यांनी. सकाळची पाळी सोडायची, दुपारची न्यायची, मधल्या वेळात गाडीतच सीट मागे करून डोळा लावायचा. एक हप्ता चुकला नाही. वर आणखी काय केलं, तर चाकणच्या ड्रायव्हर लोकांना माझ्याकडे पाठवायला लागले. माणसं यायची आणि म्हणायची, "शेठनी पाठवलंय. म्हणाले, त्या ताई फसवत नाहीत." खरं सांगते, त्या लोकांना मी कधी फसवलं नाही. फ्लॅट शब्द ठळक उच्चारायचे, दोनदा. मॅनेजर म्हणायचा, बाईंना काय झालंय? पण एकाचं पाप दुसऱ्याच्या फाईलीत फेडता येत नाही.

शेठना सांगायचं मी खूपदा ठरवलं. खोटं कशाला बोलू, ठरवलं म्हणजे रिक्षात बसल्यावर ठरवलं, उतरताना विसरले.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी ते आले आणि नेहमीसारखा व्हर्निअर काढून उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग टेबलावर ठेवला.

"बारीक रेघ दिसत नाही आता. डोळ्यांचं काम संपलं." तो माझ्याकडे सरकवला. "तुम्ही ठेवा. खरं म्हणजे सुदामला द्यायचा होता. माझा एक माणूस होता, हात असा की मशीन लाजेल. पण तो काही येत नाही आता. एकही येत नाही. मी गाळा बुडवला ना त्यांचा, राग असणारच. त्यांची काय चूक?"

मी व्हर्निअर घेतला. होय, घेतला. ड्रॉवरमध्ये ठेवला आणि "चहा सांगू का?" म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात शेठ गेले. छातीत कळ आली, दोन दिवस दवाखान्यात, संपलं. सहा हप्ते उरले होते, ते वहिनींनी गाडी विकून भागवले. त्या दोन-दोन पाळ्यांनीच हे झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते. एअर फ्रायर आमच्या दापोडीच्या घरात माळ्यावर पडून आहे. नवरा विचारतो, बिघडलाय का गं? मी म्हणते, हो.

आणि महिन्याभरापूर्वी सुदाम आला. केस पांढरे झालेले, यावेळी बिनटोपीचा. त्याला छोटी गाडी घ्यायची होती, आई थकलीय, दवाखान्यात न्यायला. मी अर्ज भरला, एकूण एक आकडा खरा सांगितला. पेन हातात घेऊन तो थांबला.

"मॅडम, एक इचारू का? तवा शेठ नको म्हणाले ना आमची सही. ते नक्की काय म्हणाले?"

"आता कशाला ते?"

"आमाला लई लागलं होतं. म्हटलं, अठरा वर्षं हाताखाली काढली आन् आपली सही नको वाटली त्यांना. त्या दसऱ्याला कोणीच गेलो न्हाई. पुढंबी न्हाई. मातीला गेलो, तवा वहिनी म्हणल्या, आता आलात व्हय? दर दसऱ्याला बारा पुडे आणायचे ते." त्याने पेन खाली ठेवलं. "शेठ रागानं म्हणाले का सरळ म्हणाले, तेवढं सांगा. अंदाज नको. माप सांगा."

मी ड्रॉवर उघडला. व्हर्निअर काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"शेठ काहीच म्हणाले नाहीत," मी म्हटलं. "मी त्यांना विचारलंच नव्हतं. तुम्ही आला होता हेही सांगितलं नव्हतं. फाईल माझ्याकडून व्हावी म्हणून. ते वाट बघत राहिले तुमची. आणि हा तुम्हाला द्यायचा होता त्यांना."

मला वाटलं आता ओरडेल, टेबलावर हात आपटेल. त्याने व्हर्निअर उचलला. जबडे मिटवले, उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला. थेट शेठ. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो झीरो बघत होता.

"बरोबर हाय," एवढंच म्हणाला.

व्हर्निअर शर्टाच्या खिशात घातला आणि निघून गेला. अर्जावर सही केली नाही. पेनाचं टोपण तेवढं लावून ठेवलं होतं.