हरण्याच्या पोटातली तार

पांजरपोळाच्या दारात छोटासा उतार होता. बैल तिथं येऊन थांबला तो पुढं पाऊलच टाकीना. पाठ कमानीसारखी वर, पुढचे कोपर बाहेर फाकलेले. सुपडूआबांनी दोर ओढला तेव्हा तो कण्हला.

पांजरपोळ म्हणजे म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं मरेपर्यंत सांभाळायची जागा. जळगावचं हे पांजरपोळ व्यापारी मंडळी चालवत. मी सरकारी दवाखान्यातला नवा व्हेटर्नरी डॉक्टर. आठवड्यातून एकदा तिथं चक्कर मारायची, एवढंच काम. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील.

सुपडूआबा गिरणाकाठच्या खेड्यातून आठ मैल चालत आले होते. बैलामुळं दोन दिवस लागले.

"बठ्ठं करी देखं, डॉक्टर," ते म्हणाले. "हरण्या खास नही, पेस नही. आते मना डोयादेखत मराले नको." सगळे उपाय करून झाले होते, बैल खात-पीत नव्हता, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत मरू नये म्हणून त्यांनी कागदावर अंगठा उठवला. बैल पांजरपोळाचा झाला.

माझं लक्ष त्या उतारावर होतं. नऊ वर्षांचा बैल उताराला का भितो? उतरताना पोटातलं सगळं पुढं, छातीकडं सरकतं. मी हरण्याच्या छातीखाली, पुढच्या पायांच्या जरा मागं मूठ दाबली. तो असा कण्हला की शेजारच्या गाईनं मान वळवली.

"याच्या पोटात काहीतरी टोचतंय," मी म्हणालो. "तार नाही तर खिळा. सरकीतून गेला असेल. बैल चावत बसत नाही, आधी गिळतो."

"मग?" विश्वस्त मोतीशेठ पुढं आले.

"कुशीला चिरून हात घालावा लागेल."

"इथं सुरी चालत नाही, डॉक्टर. जनावरानं आपल्या मरणानं मरायचं."

"शेठजी, हे आपलं मरण नाही. हे लोखंडाचं आहे."

त्यांनी बैलाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "तुम्ही हे केलंय आधी?"

खोटं बोलता आलं असतं. "कॉलेजात एकदा पाहिलंय," मी म्हणालो. "तिसऱ्या रांगेतून."

मोतीशेठनी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "करा."

"मी इथंच उभा राहीन," मोतीशेठ म्हणाले.

सामान आणून सकाळी दहाला सुरुवात केली. हे ऑपरेशन जनावराला उभं ठेवूनच करतात. डाव्या कुशीत सुया टोचून तेवढी जागा बधिर केली. आबा तोंडाशी उभे राहून हरण्याशी हळूहळू बोलत होते. मी कातडी कापली, मग स्नायू, मग पोटाचा पहिला मोठा कप्पा. बैलानं कानावरची माशी हाकलली. तेवढंच.

खांद्यापर्यंत हात कार्बोलिक साबणानं धुऊन मी आत घातला. आत गरम होतं. ओला चारा, वाफ, आणि सगळं सावकाश हलत होतं. हात पुढं सरकवला तसा दुसरा कप्पा लागला, लहान, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखा. बोटांनी एकेक घर चाचपत गेलो. पुढच्या भिंतीत एक टोक लागलं. तार. अर्धी भिंतीत रुतलेली.

आणि ती हलत होती. मी हलवत नव्हतो.

क्षणभर कळेना. मग हाताचा तळवा भिंतीला टेकवला आणि समजलं. त्या भिंतीपलीकडं एक पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडं हरण्याचं हृदय. प्रत्येक ठोका माझ्या तळव्यावर पडत होता. मोठा, जड, न चुकणारा. प्रत्येक ठोक्याला तार थरथरत होती.

शरीरशास्त्रात मला चांगले मार्क होते. ते हृदय चित्रात मी शंभरदा काढलं होतं.

"काय झालं, डॉक्टर?" मोतीशेठनी विचारलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांना वाटलं, बैल गेला.

दोन ठोक्यांच्या मध्ये मी तार चिमटीत धरून सरळ ओढली. चार बोटं लांब, काळी, एका टोकाला सुईसारखी. मोतीशेठच्या हातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले. आबांनी मात्र ती बघितलीच नाही. ते हरण्याकडं बघत होते.

टाके घातले, पेनिसिलिन सुरू केलं. पाचव्या दिवशी हरण्यानं कडब्याला तोंड लावलं. नवव्या दिवशी रवंथ करू लागला. आबा भेटायला आले, त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि निघाले. दिलेलं जनावर परत मिळत नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता.

"आबा, थांबा," मोतीशेठ म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "डॉक्टर, हा नियम आम्ही कशाला केला?"

"जनावर फिरून कसायाकडं जाऊ नये म्हणून."

"हा माणूस नेईल?"

"नाही."

"मग दोर सोडा."

 आबा मोतीशेठच्या पायाला हात लावायला वाकले, तर शेठजीच मागं सरकले. हरण्यानं पुढं सहा वर्षं औत ओढलं.

नंतर मी असली पुष्कळ ऑपरेशनं केली. सगळी जनावरं वाचली नाहीत. नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगत आलो: हात घालण्याआधी नखं कापा, घड्याळ काढा, आणि कुणाला काय सांगायचं ते आधीच सांगून टाका. एकदा हात आत गेला की बोलायला सुचत नाही.